शालीचं दुसरं टोक

भैरूने दुधाच्या कॅनचं झाकण तळहाताने ठोकून बसवलं, हात विजारीला पुसले आणि सुलक्षणाने दिलेला कागद घडी न उलगडता तिला परत केला.

"वाचला तरी का?" तिने विचारलं.

"वाचायचं काय त्यात? मीच सांगितल्यालं हाय की तुमाला."

हे खरं होतं. फेब्रुवारीत, घटना ताजी असताना, न्हावऱ्यातल्या याच दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर बसून त्याने तिला सगळं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्याचा टेम्पो एका कारला घासला होता, म्हणून फाट्यावरच्या पोलीस चौकीत त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चौकीच्या साहेबांनी तिच्या अशिलाच्या, महेंद्रच्या, कानाखाली मारलेली त्याने पाहिली. मग दार लावलं गेलं आणि पट्ट्याचा आवाज त्याने ऐकला. इतकं सरळ, न अडखळता सांगणारा साक्षीदार सुलक्षणाला वकिलीत क्वचितच भेटला होता. तिने त्याच दिवशी ते टाइप करून प्रतिज्ञापत्र तयार केलं. तेव्हापासून फक्त सही राहिली होती. एकदा त्याची सासू आजारी होती, एकदा कागदावर त्याच्या वाडीचं नाव चुकलं होतं, मग बरेच दिवस फोन लागत नव्हता. आता दिवाळी होऊन गेली होती.

"खोटं काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "पाहिलं तेवढंच सांगायचं."

"पाहिलं त्येच तर वांधं हाय, मॅडम." भैरूने शेवटचा कॅन आत सरकवला. "टेम्पो रोज त्या चौकीवरनं जातो. त्यांनी नुसता हात केला आन् कागदं बघत बसलं, तरी माझं दूध नासतंय. मारायची गरजच न्हाई."

"आणि उद्या तुमच्या पोराला मारलं तर?"

"तवा मी बी तुमच्याकडंच यीन की." तो टेम्पोत चढला, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून वाकला. "आन् माझा साक्षीदार बी टेम्पोच चालवत असंल."

केंद्रावरचे दोघेतिघे हसले. भैरू हसला नाही. महेंद्रला सांगा, माझं त्याच्यावर वाकडं काही नाही, लग्न ठरलं की बोलवा, असं म्हणून त्याने गिअर टाकला. सुलक्षणा कागद हातात धरून तिथेच उभी राहिली. तिला भैरूचा राग आला होता. त्याने सांगितलेल्यात खोडून काढावं असं काही नव्हतं, त्याचा त्याहून जास्त आला होता.

शिरूरला परतताना उसाच्या ट्रॉल्यांमागे तिची गाडी अडकली. तिने हॉर्न वाजवला नाही.

तिचं ऑफिस कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. वर जायला बाहेरून लोखंडी जिना होता. कुणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की वर बसलेल्याला कळायचं. महेंद्र आधीच येऊन बसला होता. तो नेहमी टेबलाच्या डाव्या बाजूची खुर्ची घ्यायचा, म्हणजे त्याचा उजवा कान तिच्याकडे यायचा. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं.

"न्हाई ना केली सही?" तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला.

तिने कागद फाइलमध्ये ठेवला.

महेंद्र शिक्रापूरच्या एका कंपनीत कंत्राटावर प्रेस मशीन चालवत होता. त्या दिवशी ड्यूटी संपवून तो मोटारसायकलवर न्हावऱ्याला निघाला होता. फाट्यावर नाकाबंदी होती. शिपायाने गाडीची चावी काढून घेतली. महेंद्रने लायसन्स दाखवलं, कागद दाखवले आणि मग विचारलं, चावी कोणत्या कलमाखाली घेतली. एवढंच विचारल्याचं तो सांगायचा, आणि दर वेळी तेच शब्द सांगायचा. चौकीचे सहायक निरीक्षक घारगे खुर्चीवर बसले होते ते उठले. पुढचं भैरूने अर्ध्या दारातून पाहिलं होतं. चौकीच्या नोंदवहीत त्या संध्याकाळी महेंद्रचं नाव कुठेच नव्हतं. पुढे कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत डावा कान नापास झाला. प्रेसवर दोन्ही कान लागतात, म्हणून कंत्राटदाराने त्याला थांबवलं. आता तो एका गोडाऊनमध्ये रोजाने माल चढवत होता.

उच्च न्यायालयात रिट याचिका करायची, असं ठरलं होतं. भरपाई, आणि खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशी. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलांनी ती चालवायला होकार दिला होता, पण कागद भक्कम हवेत, असं बजावूनही ठेवलं होतं. ते भक्कम करण्यात सुलक्षणाचं वर्ष चाललं होतं. फाट्यावरच्या ज्या खासगी डॉक्टरकडे महेंद्रला आधी नेलं, त्यांनी 'मोटारसायकलवरून पडल्याने' असं लिहिलं होतं. नेणाऱ्या शिपायाने तसं सांगितलं म्हणून लिहिलं, हे डॉक्टर तोंडी मान्य करायचे. लिहून द्या म्हटलं की पेशंट बघायला आत जायचे. दौंडच्या कानाच्या डॉक्टरांनी काळजीपूर्वक तपासलं, आलेख काढून दिला, पडदा फाटल्याचं स्वच्छ लिहिलं. तो कशाने फाटला, हे विचारल्यावर ते म्हणाले, मी तिथं नव्हतो. चौकीतला कॅमेरा त्या काळात दुरुस्तीला गेला होता, असं माहिती अधिकारात उत्तर आलं. खात्याने स्वतःच केलेल्या चौकशीत तथ्य आढळून आलं नव्हतं. प्रत्येक उत्तर नियमात बसत होतं. त्यामुळे ज्याच्यावर ओरडावं असा माणूस समोर कधीच नसायचा.

"कोरं पान लावा की त्याच्या नावाचं," महेंद्र म्हणाला. "म्हणावं, ह्यानं बघितलं, पन ह्याला धंदा हाय."

ती काही बोलणार, एवढ्यात खाली हॉर्न वाजला.

"आप्पा आले," असं म्हणून ती उठली.

तिचे वडील, पोपटराव, मार्केट यार्डात कांदा घेऊन आले की तिच्यासाठी डबा आणायचे. ती आठवडाभर शिरूरलाच राहायची. ते वर कधी येत नसत. गुडघा दुखतो म्हणायचे, आणि ते खरंही होतं, पण साखर कारखान्याच्या मीटिंगला दुसऱ्या मजल्यावर ते जातच होते. जीप झेरॉक्सच्या दुकानासमोर लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि हॉर्न द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती.

"भैरूनं काय केलं?" डबा देताना त्यांनी विचारलं.

"नाही म्हणाला."

"गरीब माणूस हाय. जास्त ओढू नको." त्यांनी उजव्या हाताचा तळवा वर करून घड्याळ पाहिलं. ते घड्याळ उजव्या मनगटावर आणि तबकडी आतल्या बाजूला अशीच घालायचे. तरुणपणी विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा चढवताना काच फुटायची, तेव्हाची सवय. आता विहिरीवर वीज होती, सवय राहिली होती. "शंकररावाच्या पोराचं नीट कर म्हंजी झालं. माझ्या शब्दावर आलेत ती माणसं तुझ्याकडं."

तेही खरं होतं. महेंद्रच्या वडिलांना सुलक्षणाचा पत्ता पोपटरावांनीच दिला होता. गावात असं काही झालं की लोक पोपटरावांकडे जायचे. ते शांतता समितीवर होते, सोसायटीत होते, आणि दोन्ही बाजू त्यांचा शब्द राखत.

वर येईपर्यंत पोस्टमन एक जाड पाकीट ठेवून गेला होता. महेंद्रने सही करून ते घेतलं होतं. सुलक्षणाने याचिकेआधी घारग्यांना नोटीस पाठवली होती, तिचं उत्तर त्यांच्या वकिलांकडून आलं होतं. तिने भाकरीचा तुकडा मोडत ते वाचायला घेतलं. पहिली दोन पानं अपेक्षेप्रमाणे होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की, आरोप पश्चातबुद्धीचे आहेत, कथित घटनेनंतर अर्जदाराच्या वडिलांनी स्वतःच्या हस्ते, जाहीर कार्यक्रमात, माझ्या अशिलांचा सत्कार केलेला आहे, सोबत छायाचित्र जोडले आहे.

छायाचित्र रंगीत होतं. निळ्या पडद्यासमोर घारगे, हनुवटी किंचित वर. हातात संविधानाच्या उद्देशिकेची फ्रेम. न्हावऱ्याच्या वस्तीत सत्काराला नारळ देत नसत, शालीबरोबर उद्देशिका देत. त्यांच्या खांद्यावर शाल घालणारे शंकरराव, पांढरा सदरा, निळा फेटा. वर पडद्यावर जयंतीची तारीख.

तिने छायाचित्र महेंद्रपुढे सरकवलं. त्याने ते हातात घेतलं नाही.

"तुला माहीत होतं."

"मी त्या दिवशी मुद्दाम दौंडला गेलो, कानाच्या डॉक्टरकडं. परत आलो तर ह्याचा फ्लेक्स लागलेला. महिनाभर त्याच्याखालनं गेलो-आलो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या संध्याकाळी मुंबईच्या वकिलांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ज्याने मुलाला बहिरं केलं त्याला बाप शाल घालतो, हे चित्र न्यायमूर्तींसमोर पहिल्याच दिवशी ठेवलं जाईल, असं ते म्हणाले. याचं पटेल असं कारण वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात आलं नाही, तर याचिका दाखलसुद्धा करून घेणार नाहीत. तुम्हाला हे आता कळतंय का, असंही त्यांनी विचारलं. सुलक्षणाने हो म्हटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शंकरराव आले. जिना वाजला तो सावकाश, एकेक पायरी. मागे महेंद्र होता. शंकररावांनी दारात चपला काढल्या. त्या काढू नका, असं सुलक्षणा दर वेळी सांगायची आणि ते दर वेळी काढायचे. महेंद्र चपला घालूनच आत आला आणि बापापासून एक खुर्ची सोडून बसला.

तिने छायाचित्र टेबलावर ठेवलं. शंकररावांनी चष्मा लावला, ते जवळ ओढलं आणि बराच वेळ पाहिलं.

"शाल चांगली आणली होती त्या वक्ताला," ते म्हणाले.

महेंद्र हसल्यासारखा आवाज करून खिडकीकडे वळला.

"मामा, हे का केलंत?" सुलक्षणाने विचारलं.

शंकररावांचं सांगणं लांबलं, पण भरकटलं नाही. ते जयंती समितीचे अध्यक्ष. स्टेजवर जो पाहुणा बसेल त्याचा सत्कार करायचा आणि तो अध्यक्षाच्या हातून करायचा, ही रीत. घारगे स्टेजवर आले. निवेदकाने नाव पुकारलं. समोर सगळी वस्ती बसलेली, बायाबापड्या, पोरं. अध्यक्षाने उठायचं नाही, असं होत नाही.

"पण ते स्टेजवर आलेच कसे? बोलावलं कुणी?"

"आमीच."

"तुम्ही? मुलाचा कान फोडणाऱ्या माणसाला?"

शंकररावांनी चष्मा काढला. डावा हात छायाचित्राच्या कडेवर होता तो तसाच राहिला. त्यांनी मिरवणुकीचं सांगायला सुरुवात केली. न्हावऱ्यात जयंतीची मिरवणूक आजवर वस्तीतून निघून मागच्या रस्त्याने जायची. वेशीतून, मुख्य पेठेतून कधी गेली नव्हती. दर साली मागायची, दर साली काहीतरी निघायचं. यंदा वेशीतून जायची परवानगी मिळाली. कागद घारग्यांच्या टेबलावरून येणार होता. साहेबांना कार्यक्रमाला बोलवायचं, मान ठेवायचा, असं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी कागद आला.

"मिरवणूक वेशीतनं गेली, बाई," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या हयातीत गेली न्हवती."

"तुम्ही वेस घेतली," महेंद्र खिडकीकडे पाहतच म्हणाला. "कान माझा दिला."

शंकरराव त्याच्याकडे वळले.   सुलक्षणाने कीबोर्ड जवळ ओढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं. हे नुसतं कारण नव्हतं, पुरावा होता. ज्याने मारलं त्यानेच परवानगी अडवून मान मिळवला. असं पान छायाचित्रासोबत जोडलं तर छायाचित्र घारग्यांच्याच विरुद्ध जात होतं.

"मी लिहिते," ती म्हणाली. "मिरवणुकीच्या परवानगीसाठी माझ्यावर दबाव आणण्यात आला, म्हणून मी..."

"दबाव न्हाई."

"मामा."

"दबाव लिहू नका. मी माझ्या मनानं केलं."

तिने हात कीबोर्डवरून काढले. गेले काही महिने ज्या आवाजात ती डॉक्टरांशी, भैरूशी, माहिती अधिकाऱ्याशी बोलली होती तोच आवाज तिला आता आवरावा लागला. तिने समजावून सांगितलं. हे पान नसेल तर महेंद्रची केस उभीच राहत नाही. त्याची नोकरी गेली, कान गेला, आणि कागदोपत्री तो मोटारसायकलवरून पडला आहे. तसंच राहील. कायमचं. फक्त जे झालं ते सांगायचं आहे.

"म्या दबाव लिहिला तर पुढच्या सालाला वेस बंद हाय," शंकरराव म्हणाले. "ते म्हणतील, तुमी आमच्यावर आळ घेतला. मग वस्तीला काय सांगू? पोराच्या भरपाईसाठी घालवली म्हणून?"

"मग असं लिहू, की अट घालण्यात आली. कुणी घातली? घारगे स्वतः बोलले तुमच्याशी?"

"न्हाई."

"शिपाई आला होता?"

"न्हाई."

"मग कळलं कसं, साहेबांना बोलवा म्हणजे कागद येईल?"

"कळतंय की. गावात राहतो आमी."

"कुणीतरी सांगितलं असणार. कुणाचा तरी फोन झाला असणार. मामा, तो माणूसच खरा साक्षीदार आहे. तो भैरूसारखा टेम्पोवाला नाही, त्याचं दूध नासत नाही. तो बोलला तर घारग्यांना उत्तर नाही. त्याचं नाव सांगा, मी जाते त्याच्याकडे. सही घेऊन येते."

शंकररावांनी काढलेला चष्मा खिशात ठेवला. महेंद्रने खिडकीवरून नजर काढली आणि बापाकडे पाहिलं, मग सुलक्षणाकडे, मग पुन्हा बाहेर. तिच्या लक्षात आलं की, तोही गप्प आहे. एरवी तो बापाला एवढ्यात चार वेळा बोलला असता.

"तुलाही माहीत आहे," ती म्हणाली.

"मी दौंडला होतो," महेंद्र म्हणाला.

तिने खुर्ची मागे सरकवली. खोलीत उकडत होतं. कोपऱ्यातल्या माठातून तिने ग्लास भरला आणि शंकररावांपुढे धरला. त्यांनी तो उजव्या हाताने घेतला. डावा अंगठा छायाचित्राच्या कडेवर होता, ते जवळ ओढल्यापासून तिथेच होता. पाणी पिताना त्यांनी तो काढला नाही. ग्लास काठोकाठ भरलेला होता, तरी त्यांनी दुसरा हात लावला नाही.

"मामा, पाणी सांडतंय," ती म्हणाली.

त्यांनी खाली पाहिलं. सदऱ्यावर पाणी सांडलं होतं. झटकायला त्यांनी डावा हात उचलला.

छायाचित्र कडेला कापलेलं होतं. घारग्यांच्या वकिलांनी त्यांना हवं तेवढंच ठेवलं होतं. शाल पांघरायला दोघं लागतात. एक टोक शंकररावांच्या हातात होतं. दुसऱ्या टोकाला नुसता हात आला होता, मनगटापासून थोडा वर, आणि मग कागद संपला होता. पांढरी बाही. उजवा हात. मनगटावर घड्याळाचा पट्टा दिसत होता, तबकडी दिसत नव्हती. ती आतल्या बाजूला होती.

सुलक्षणाने आठवडाभरात ते छायाचित्र अनेकदा पाहिलं होतं. तिने चेहरे पाहिले होते.

शंकररावांनी अंगठा परत कडेवर ठेवायला नेला, मग मध्येच थांबवला आणि हात मांडीवर घेतला. खालच्या दुकानात झेरॉक्स मशीन चालू होतं, त्याचा एकसारखा आवाज येत राहिला.

"त्यांचा वाईट हेतू न्हवता," शंकरराव म्हणाले. "फोन करून म्हणाले, शंकरराव, साहेबांचा मान राखा, मिरवणुकीचं मी बघतो. आन् बघितलं त्यांनी. वेशीत स्वतः उभं राहिलं. पेठेतल्या पोरांनी कुरकुर केली तर त्यांना गप केलं." ते थांबले. "आमाला तुमच्याकडं बी त्यांनीच धाडलं. ते बी ध्यानात ठिवा."

"साहेबांशी बोलणं त्यांचं झालं होतं?"

"त्याबिगर का म्हणतील?"

"त्यांना महेंद्रचं माहीत होतं तेव्हा?"

शंकररावांनी उत्तराऐवजी तिच्याकडे पाहिलं. फेब्रुवारीत महेंद्रला घेऊन तिच्याकडे जा असं सांगणाऱ्या माणसाला एप्रिलमध्ये ते माहीत होतं का, हा प्रश्न तिने विचारायला नको होता.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "तुमच्या कागदात न्हाई बसायचं ते नाव. माझ्या मनानं केलं असंच लिवा. जे व्हईल ते व्हईल."

महेंद्र आता तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भैरू नाही म्हणाला त्या दिवशी ती परत आली, तेव्हा होता तसाच चेहरा होता. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाचा.

तिने स्क्रीनवरचं अर्धं वाक्य पुसलं. 'दबाव' गेला. थोडा वेळ कर्सर लुकलुकत राहिला. मग तिने नवं पान उघडलं, वर 'प्रतिज्ञापत्र' लिहिलं आणि खाली साक्षीदाराचं पूर्ण नाव टाइप केलं. वय लिहिलं, धंदा शेती लिहिलं, राहणार न्हावरे लिहिलं. इतर साक्षीदारांच्या वेळी या ओळीवर तिला थांबावं लागायचं, विचारावं लागायचं. इथे तिचे हात कुठे अडले नाहीत. पुढच्या ओळी मात्र सावकाश आल्या. मी शांतता समितीचा सदस्य आहे. जयंतीपूर्वी माझे व सहायक निरीक्षकांचे बोलणे झाले. त्यानंतर मी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. प्रत्येक वाक्य लिहिल्यावर तिने ते शंकररावांना वाचून दाखवलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "तारीख लिवू नका, मला नक्की आठवत न्हाई," आणि तिने तारीख काढली.

प्रिंटरमधून पान बाहेर आलं. खाली सहीसाठी रेघ होती. ते तिने छायाचित्राशेजारी ठेवलं.

"ते न्हाई करायचे," महेंद्र म्हणाला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

खाली जीप येऊन थांबल्याचा आवाज आला. मग हॉर्न.

शंकरराव उठायला लागले. "आमी मागनं येतो पायजे तर," ते म्हणाले, आणि चपलांकडे पाहू लागले. सुलक्षणाने त्यांना हातानेच बसा म्हटलं आणि खिडकीशी गेली. जीप नेहमीच्या जागी उभी होती, इंजिन चालू होतं. पोपटरावांनी डबा खिडकीतून बाहेर धरला होता आणि ते वर पाहत होते.

"आप्पा, वर या."

"गुडघा हाय, माहितीये ना तुला. खाली ये."

"एक सही हवी आहे."

"कसली?"

गल्लीत दोघंतिघं झेरॉक्ससाठी उभे होते. त्यातला एक वर बघायला लागला. तिने खिडकीची कड धरली.

"पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगायचं," ती म्हणाली. "शंकरमामा बसलेत वर. महेंद्र आहे."

 पोपटरावांचा डबा धरलेला हात आत गेला. उजव्या हाताचा तळवा वर करून त्यांनी घड्याळ पाहिलं, किंवा पाहिल्यासारखं केलं. वरून नीट दिसत नव्हतं.

ती टेबलाशी परत आली आणि बसली. पेनाचं टोपण काढून तिने पेन कागदावर आडवं ठेवलं.  थोड्या वेळाने खाली जीपचं इंजिन बंद झालं.

महेंद्रने खुर्ची वळवली आणि उजवा कान जिन्याकडे केला.